गुन्हा एकच, शिक्षा वेगळी : सहआरोपीपेक्षा जास्त शिक्षा झाली तर अपील कसं करतात?



आजचा लेख नेहमीसारखा परिसर अभ्यास किंवा भाषेचा नाही. नागरिकशास्त्रात आपण "कायद्यापुढे सर्व समान" असं वाक्य शिकवतो. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि आपण बरोबरची खूण करतो. पण त्या वाक्याचा खरा अर्थ काय, हे मला स्वतःला दोन प्रसंगांनी विचारायला लावलं. एक माझ्या वर्गातला आणि एक वर्गाबाहेरचा.

आधी वर्गातला सांगतो. शाळेत बाल आनंद मेळावा होता. चौथीतल्या दोन पोरांनी मिळून चना-मुरमुऱ्याचं दुकान लावलं होतं. संध्याकाळी हिशोब केला तर पैसे कमी भरले. दोघांनी मिळून चाळीस रुपये बाजूला काढले होते. मी एकाला नुसती समज दिली. दुसऱ्याकडून मात्र आठवडाभर वाचनपेटीची चावी काढून घेतली. तो पोरगा रडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "सर, दोघांनबी केलं, मग मलेच काहून जास्त?"

माझ्याकडे कारण होतं. हिशोबाची वही त्याच्याकडे होती आणि खोटा आकडा त्यानं लिहिला होता. पण ते कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या दृष्टीनं तो अन्यायच होता.

दुसरा प्रसंग काही महिन्यांनी घडला. एका विद्यार्थिनीची आई शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही करायला आली होती. सही झाली तरी ताई उठेनात. मग पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाल्या, "सर, हे जरा वाचून सांगता का?" तो कोर्टाचा निकाल होता. त्यांचे पती दुसऱ्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत लिपिक होते. ठेवीदारांच्या पैशाच्या अफरातफरीत ते आणि व्यवस्थापक दोघंही दोषी ठरले होते. कलमं दोघांना सारखीच लागली होती. लिपिकाला अडीच वर्षं, व्यवस्थापकाला एक वर्ष. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) ताईंचा प्रश्न माझ्या विद्यार्थ्याचाच होता : "सही साहेबाची, पैसा साहेबाचा, अन् सजा आमच्या माणसाले जास्त. असं कसं सर?"

मी वकील नाही, डीएड झालेला प्राथमिक शिक्षक आहे. पण निकाल लागून अठरा दिवस झाले होते आणि ताईंना अपिलाची मुदत माहीत नव्हती. म्हणून मी शोधायला, वाचायला आणि जाणकारांना विचारायला लागलो. जे समजलं ते सोप्या भाषेत तुमच्यासमोर मांडतो.

१. आधी काही शब्द समजून घेऊ

सहआरोपी : एकाच गुन्ह्यात, एकाच खटल्यात असलेले दोन किंवा जास्त आरोपी.

दोषसिद्धी आणि शिक्षा : या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी कोर्ट ठरवतं की गुन्हा केला की नाही. त्यानंतर ठरतं की त्याबद्दल किती शिक्षा द्यायची. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. घरी कोण आहे, वय काय, तब्येत कशी, आधी कधी गुन्हा केला का, हे सांगायची ती वेळ असते. पुष्कळ जण तिथं फक्त "दया करावी" एवढंच म्हणतात आणि संधी निघून जाते.

अपील : खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टानं तपासावा अशी मागणी. अपील दोषसिद्धीविरुद्ध करता येतं, तसं फक्त शिक्षेविरुद्धही करता येतं. "गुन्हा मान्य आहे, पण शिक्षा जास्त झाली" असंही म्हणता येतं. इतकंच काय, ज्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला त्यालाही शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्या मुद्द्यावर अपील करता येतं.

शिक्षेतली तफावत : सारख्याच गुन्ह्यात सहआरोपींना वेगवेगळी शिक्षा होणं. आपला आजचा विषय हाच आहे.

२. फसवणुकीला शिक्षा किती?

फसवणूक म्हटलं की लोकांच्या तोंडी "चारसोबीस" येतं. ते जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२०. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिथं हाच गुन्हा कलम ३१८ (४) मध्ये आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. लिपिकानं किंवा नोकरानं विश्वासघात करून पैसा हडपला तर तीही सात वर्षांपर्यंत. बँकर किंवा सरकारी नोकरानं तसं केलं तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही होऊ शकते. ठेवीदारांचे पैसे बुडवले तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा वेगळा कायदाही आहे.

इथं एक शब्द महत्त्वाचा आहे : "पर्यंत". सात वर्षांपर्यंत म्हणजे एक दिवसापासून सात वर्षांपर्यंत काहीही. मधला आकडा न्यायाधीश ठरवतात. आपल्या देशात त्यासाठी ठरलेलं कोष्टक नाही. न्यायमूर्ती मळीमठ समितीनं २००३ मध्ये शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वं असावीत अशी शिफारस केली होती. २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध प्रेम सागर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही अशी तत्त्वं आपल्याकडे नसल्याचं नोंदवलं. इंग्लंडमध्ये २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र परिषद काम करते. आपल्याकडे न्यायाधीशांचा विवेक आणि वरच्या कोर्टांचे निकाल हेच मोजमाप. म्हणून तफावत होऊ शकते आणि म्हणूनच अपील महत्त्वाचं ठरतं.

३. वेगळी शिक्षा म्हणजे नेहमी अन्याय का?

नाही. इथंच आपली सगळ्यांची गल्लत होते. समानता म्हणजे सगळ्यांना एकच माप नव्हे. सारख्यांना सारखं आणि वेगळ्यांना त्यांच्या वेगळेपणानुसार, असा तिचा अर्थ आहे. सहआरोपींना वेगळी शिक्षा द्यायला पुढची कारणं योग्य ठरू शकतात :

१) भूमिका : डोकं कुणाचं आणि हात कुणाचे. बेत आखणारा आणि सांगितलं म्हणून कागद भरणारा सारखे नाहीत.

२) फायदा : पैसा कुणाच्या घरात गेला.

३) विश्वासाचं पद : ज्याच्यावर जास्त विश्वास टाकला होता, त्याची जबाबदारी जास्त.

४) पूर्वीचा गुन्हा : पहिल्यांदा चुकलेला आणि सवयीचा गुन्हेगार यांत फरक.

५) वय, आजार, घरची परिस्थिती.

६) पैसे परत करणं, गुन्हा कबूल करणं, तपासात मदत करणं.

७) कलमंच वेगळी असणं : एकावर फसवणूक आणि खोटा दस्तऐवज दोन्ही सिद्ध झाले, दुसऱ्यावर एकच.

कधी एखादा सहआरोपी माफीचा साक्षीदार होतो आणि सुटतो. कधी एखादा तडजोडीनं गुन्हा कबूल करतो आणि त्याची शिक्षा कमी होते. या दोन्ही गोष्टी कायद्यात बसतात. त्याला कमी मिळाली म्हणून मलाही कमी द्या, असं तिथं नुसतं म्हणून भागत नाही.

मग अन्याय कधी? भूमिका सारखी, कलमं सारखी, पुरावा सारखा, मागचं पुढचं सारखं, तरी शिक्षेत मोठा फरक आणि निकालात त्याचं कारणच नाही, तेव्हा. किंवा कारण दिलं आहे, पण ते चुकीचं आहे, तेव्हा.

उलटंही घडू शकतं हे लक्षात ठेवा. भूमिका वेगवेगळ्या असताना सगळ्यांना एकसारखी शिक्षा झाली, तर लहान भूमिकेच्या माणसाला तोही अन्यायच वाटतो.

४. महाराष्ट्रातली दोन माहितीची उदाहरणं

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक : २००२ मध्ये उघडकीस आलेलं हे प्रकरण आपल्या विदर्भातलंच. सरकारी रोख्यांच्या खरेदीच्या नावाखाली बँकेचा पैसा खासगी दलाल कंपन्यांकडे गेला आणि रोखे आलेच नाहीत, असा आरोप होता. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकारी न्यायालयानं बँकेचे माजी अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवलं आणि तिघांना निर्दोष सोडलं. दोषी ठरलेल्या सहाही जणांना पाच वर्षांची कैद झाली. केदार यांची आमदारकी गेली. त्यांनी सत्र न्यायालयात अपील केलं. शिक्षेला स्थगिती मागितली, ती सत्र न्यायालयानं नाकारली. मग ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना जामीन मिळाला.

जळगाव घरकुल प्रकरण : झोपडपट्टीतल्या लोकांसाठी सुमारे ११ हजार घरं बांधायची नगरपालिकेची योजना होती. प्रत्यक्षात दीड हजारांच्या आसपासच पूर्ण झाली. २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं कैद आणि १०० कोटी रुपये दंड, माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं आणि इतरांना तीन ते सात वर्षांपर्यंत कैद झाली. हे प्रकरणही अपिलात उच्च न्यायालयात गेलं.

आता दोन्ही निकाल शेजारी ठेवा. नागपुरात सहा जण आणि मुदत एकच. जळगावात ४८ जण आणि भूमिकेनुसार पायऱ्या. कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणं आपलं काम नाही, ते अपिलाच्या कोर्टाचं. पण आपल्या विषयाचे दोन्ही प्रश्न इथं दिसतात. जिथं शिक्षा वेगळी तिथं विचारायचं, "हा फरक कशामुळे?" जिथं शिक्षा एकच तिथं विचारायचं, "सगळ्यांची भूमिका खरंच एकच होती का?"

५. तफावतीनं जीव जातो तेव्हा : हरबन्स सिंग प्रकरण

हे उदाहरण फसवणुकीचं नाही, खुनाचं आहे. पण सहआरोपींच्या शिक्षेतली तफावत म्हणजे काय, हे भारतात यापेक्षा कठोरपणे कुठं दिसलं असेल असं मला वाटत नाही.

उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात जीता सिंग, काश्मीरा सिंग आणि हरबन्स सिंग या तिघांना फाशीची शिक्षा झाली. भूमिका तिघांचीही सारखीच मानली गेली होती. तिघं वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेले. जीता सिंगची याचिका १९७६ मध्ये फेटाळली गेली. काश्मीरा सिंगची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. हरबन्स सिंगची याचिका १९७८ मध्ये फेटाळली गेली, आणि त्या वेळी काश्मीरा सिंगची फाशी रद्द झाल्याचं कोर्टाच्या समोर आलंच नाही.

६ ऑक्टोबर १९८१ ही फाशीची तारीख ठरली. हरबन्स सिंगनं त्याआधी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि स्थगिती मिळवली. जीता सिंगनं तसं काही केलं नाही. त्याला त्याच दिवशी फाशी झाली.

१९८२ मध्ये हरबन्स सिंगचा निकाल आला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. सारख्याच भूमिकेच्या तिघांपैकी एक फासावर गेला, एक वाचला आणि तिसरा मध्ये लटकला, ही गोष्ट कोर्टानं फार गांभीर्यानं घेतली. हरबन्स सिंगची फाशी जन्मठेपेत बदलावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली. पुढं असं होऊ नये म्हणून सांगितलं, की सहआरोपीची शिक्षा कमी झाली आहे का याची नोंद कोर्टाच्या कार्यालयानं फाइलमध्ये ठेवावी आणि फाशी देण्याआधी तुरुंग अधीक्षकांनीही खात्री करावी.

एका फाइलमधली एक नोंद राहिली. तिघांत फरक पडला तो गुन्ह्यानं नाही, कागदानं पडला.

अलीकडचं एक उदाहरणही सांगतो. २०२३ मध्ये जावेद शौकत अली कुरेशी विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती संजय करोल यांनी सांगितलं, की दोन आरोपींविरुद्ध पुरावा सारखा आणि भूमिका सारखी असेल, तर एकाला दोषी आणि दुसऱ्याला निर्दोष ठरवता येत नाही. ज्यांनी अपील केलं नव्हतं अशा सहआरोपीलाही त्या निकालात लाभ मिळाला.

ऑस्ट्रेलियात यासाठी एक सोपी कसोटी आहे. १९८४ च्या लो विरुद्ध राणी या निकालापासून तिथली कोर्टं विचारतात, की दोन शिक्षांमधला फरक पाहून जास्त शिक्षा झालेल्या माणसाला वाटणारी अन्यायाची भावना रास्त आहे का? नुसतं "मला वाईट वाटलं" पुरत नाही. तिऱ्हाईत शहाण्या माणसालाही तसं वाटलं पाहिजे. ही कसोटी आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण विचार करायला फार उपयोगी आहे.

६. ढाणकीच्या माणसानं अपील कुठं करायचं?

आपल्या भागाची पायरी अशी आहे :

उमरखेडचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी → सत्र न्यायालय (पुसद किंवा यवतमाळ) → उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ → सर्वोच्च न्यायालय, दिल्ली.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद देऊ शकतात. त्यांच्या निकालावरचं अपील सत्र न्यायालयात जातं. सत्र न्यायालयानं मूळ खटला चालवून शिक्षा दिली असेल तर अपील थेट नागपूरला.

मुदत : सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला जे दिवस लागले ते यातून वगळले जातात. मुदत उलटली तर उशिराचं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण कोर्ट तो मान्य करेलच असं नाही.

निकालाची प्रत : कैदेची शिक्षा झाली की आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि मोफत द्यावी लागते. हा हक्क आहे, उपकार नाही.

शिक्षेला स्थगिती : अपील चालू असताना शिक्षा थांबवून जामीन मागता येतो. आरोपी आधीपासून जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन शिक्षा देणारं कोर्टच देऊ शकतं. पण तो जामीन तेवढ्याच दिवसांचा. पुष्कळ घरी इथं गैरसमज होतो. माणूस घरी आला म्हणजे प्रकरण मिटलं असं वाटतं आणि मुदत निघून जाते. ताईंच्या घरी हेच चाललं होतं.

तुरुंगातून अपील : माणूस आत असेल तर तो तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो.

वकिलाची फी नसेल तर : तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतात. कोठडीतली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.

आणखी एक तरतूद आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. किरकोळ शिक्षेवर एरवी अपील करता येत नाही. पण एकाच खटल्यात अनेक जण दोषी ठरले आणि त्यातल्या एकाची शिक्षा अपिलास पात्र असेल, तर बाकीच्यांनाही अपिलाचा हक्क मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४२१ आहे. म्हणजे सहआरोपींना एकत्र बघायचं, हा विचार कायद्यानंच केलेला आहे.

७. तफावत कोर्टापुढं मांडायची कशी?

"त्याला कमी, मला जास्त" हे वाक्य अपिलात चालत नाही. तुलना दाखवावी लागते. आपण वर्गात फळ्यावर दोन रकाने पाडून फरक लिहितो ना, अगदी तसं. मी ताईंसोबत बसून वहीच्या पानावर दोन रकाने केले. एका बाजूला लिपिक, दुसऱ्या बाजूला व्यवस्थापक. आणि ओळी अशा :

- कोणकोणती कलमं सिद्ध झाली?
- निकालात प्रत्येकाची भूमिका कोणत्या शब्दांत लिहिली आहे?
- आदेश कुणी दिला, सही कुणाची?
- पैसा कुणाकडे गेला असं सिद्ध झालं?
- आधीचा गुन्हा आहे का?
- वय, तब्येत, घरात कमावणारे किती?
- किती पैसे परत केले?
- किती दिवस कोठडीत काढले?
- शिक्षा किती आणि कोर्टानं कारण काय दिलं?

शेवटच्या ओळीशी आम्ही दोघंही थांबलो. कारण निकालात लिहिलेलं होतं : व्यवस्थापकाचं वय साठीच्या पुढं आहे आणि त्यानं रकमेचा मोठा भाग भरला आहे, म्हणून शिक्षा कमी.

ताई म्हणाल्या, "म्हणजे ज्याच्यापाशी पैसा त्याले सूट?"

मित्रांनो, हा प्रश्न सोपा नाही. पैसे परत करणं ही चांगली गोष्ट आहे. बुडालेल्या ठेवीदाराला त्यातून काहीतरी मिळतं. त्याची दखल कोर्टानं घेणं चूक नाही. पण ज्याच्या हाती पैसा आलाच नाही, तो भरणार कुठून? पैसे परत केले म्हणून एकाची शिक्षा कमी करणं वेगळं आणि परत करू शकला नाही म्हणून दुसऱ्याची वाढवणं वेगळं. शिवाय निकालातच आदेश व्यवस्थापकाचे होते असं लिहिलं असेल, तर भूमिकेच्या ओळीत लिपिकाचं पारडं हलकं होतं. वयाचा आणि भरपाईचा फायदा व्यवस्थापकाला दिला, तसा दुय्यम भूमिकेचा फायदा लिपिकाला दिला का? हा अपिलाचा खरा मुद्दा होता, आणि तो त्या दोन रकान्यांतूनच सापडला.

८. वरचं कोर्ट काय करू शकतं?

१) शिक्षा कायम ठेवू शकतं.

२) दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा कमी करू शकतं किंवा तिचं स्वरूप बदलू शकतं.

३) आरोपीला निर्दोष सोडू शकतं किंवा खटला पुन्हा चालवायला सांगू शकतं.

४) गुन्हा आणि माणूस पाहून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचाही विचार करू शकतं. त्यासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे.

आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. "अपील केलं तर जास्त होईल" या भीतीनं गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मात्र शिक्षा कमी झाली असं सरकारला वाटलं तर सरकार वेगळं अपील करू शकतं. त्यातही आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा वाढत नाही.

म्हणजे तफावत दोन्ही बाजूंनी मिटू शकते. जास्त झालेली कमी होईल किंवा कमी झालेली वाढेल. आणि कधी वरचं कोर्ट असंही म्हणेल, की "दुसऱ्याला चुकून फार सौम्य शिक्षा झाली. तुझी शिक्षा मात्र योग्यच आहे." एकाला चुकून मिळालेली सवलत दुसऱ्याचा हक्क होत नाही. म्हणून अपिलात दोन गोष्टी सांगाव्या लागतात : फरक अन्यायाचा आहे, आणि त्याची शिक्षा बाजूला ठेवली तरी माझी शिक्षा माझ्या भूमिकेच्या मानानं जास्तच आहे.

९. ठेवीदारांचं काय?

हा लेख वाचून कुणी म्हणेल, "सर, तुम्ही फसवणाऱ्यांची बाजू घेता का?" नाही. पतसंस्थेत बुडालेला पैसा म्हणजे कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची सोयाबीनची पट्टी, कुणाच्या म्हाताऱ्या आईचं औषध. आपल्या भागात हे घरोघरी माहीत आहे. गुन्हा केला त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण जोखून झाली पाहिजे. मोठा कमी शिक्षेत सुटला आणि लहान माणूस जास्त भरडला गेला, तर ठेवीदारालाही न्याय मिळाला असं होत नाही. उलट लोकांच्या मनात पक्कं बसतं, की कायदा माणूस बघून चालतो.

१०. पुढं काय झालं?

ताई दुसऱ्याच दिवशी बसनं उमरखेडला गेल्या आणि विधी सेवा समितीत अर्ज दिला. सव्विसाव्या दिवशी अपील दाखल झालं आणि पुढं शिक्षेला स्थगिती मिळाली. अपिलाचा निकाल अजून यायचा आहे. तो काय येईल हे मी सांगू शकत नाही. कदाचित शिक्षा तेवढीच राहील. पण ताई म्हणाल्या, "आता निदान कोणी कारण तर सांगंल."

आणि माझ्या वर्गातलं? मी दुसऱ्या दिवशी दोघांनाही उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की शिक्षा वेगळी का आहे. वही याच्याकडे होती, खोटा आकडा यानं लिहिला, म्हणून जबाबदारी जास्त. तेव्हा दुसरा पोरगा हळूच म्हणाला, "सर, आकडा म्याच सांगतला होता." मग मी चावी परत दिली, आणि पुढचे चार दिवस दोघांनी मिळून वाचनपेटी आवरली. आधी विचारलं असतं तर ही चूक माझ्याकडून झालीच नसती.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सहआरोपींना वेगळी शिक्षा होऊ शकते, पण तिला कारण हवं.
- फक्त शिक्षेविरुद्धही अपील करता येतं.
- सत्र न्यायालयासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयासाठी ६० दिवस.
- निकालाची प्रत मोफत मिळते. मोफत वकिलासाठी १५१००.
- भूमिका, फायदा, पूर्वेतिहास आणि कारणं यांची दोन रकान्यांत तुलना करा.
- प्रत्येक प्रकरण वेगळं असतं. हा लेख माहितीसाठी आहे, प्रत्यक्षात वकिलाचा सल्ला घ्याच.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न (इयत्ता सातवी-आठवी)

१) "सर्वांना सारखी शिक्षा" आणि "सर्वांना सारखा न्याय" यांत फरक काय?

२) चोरीचे पैसे परत करणाऱ्याला शिक्षा कमी असावी का? परत करायला पैसेच नसतील त्याचं काय?

३) हरबन्स सिंग प्रकरणात चूक कुठं झाली? ती टाळता आली असती का?

४) तुमच्या घरी किंवा वर्गात दोघांना वेगळी शिक्षा झाल्याचा प्रसंग आठवा. कारण सांगितलं होतं का?

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेतल्या पालकांपर्यंत जरूर पोहोचवा. कुणाच्या तरी मुदतीचे दिवस चालू असतील.